प्रोटॉनसाठी थांबायचं का, ट्रायलमध्ये जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय 61. उजव्या टॉन्सिलला तीन सेंटिमीटरची गाठ, ती मऊ टाळूला लागलेली. मानेत उजवीकडेच दोन गाठी, मोठी साडेतीन सेंटिमीटरची. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराचा कर्करोग, पी-16 पॉझिटिव्ह (एचपीव्ही विषाणूकडे बोट दाखवणारी खूण). पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. एका रुग्णालयानं आयएमआरटीचे, म्हणजे संगणकानं आखलेल्या क्ष-किरण रेडिएशनचे 35 शेक आणि सोबत सिसप्लॅटिन हे केमोचं औषध सुचवलंय, पुढच्या पंधरवड्यात सुरू करू म्हणतात. दुसरे डॉक्टर म्हणतात प्रोटॉन घ्या, पण तिथे नंबर सहा आठवड्यांनी लागेल. तिसऱ्यांनी एका क्लिनिकल ट्रायलचं माहितीपत्रक हातात ठेवलंय, ज्यात रेडिएशनचा डोस कमी करून इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारं औषध) द्यायची आहे. मुलगी विचारते, "बाबांसाठी सगळ्यात चांगलं काय? साधं रेडिएशन घेतलं तर आम्ही त्यांच्यावर अन्याय करतोय का?"

डोकं आणि मान या भागाचं रेडिएशन देण्यात माझी वीसहून जास्त वर्षं गेली. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून.

सहा आठवडे थांबून प्रोटॉन घेणं मला पटत नाही. तेच प्रोटॉन दोन-अडीच आठवड्यांत सुरू होणार असेल, त्या केंद्राला घशाच्या रुग्णांचा सराव असेल आणि तुमच्या वडिलांच्याच स्कॅनवर काढलेल्या रेडिएशनच्या दोन आराखड्यांत (एक प्रोटॉनचा, एक आयएमआरटीचा) डोळ्यांत भरणारा फरक असेल, तर जरूर घ्या. ट्रायलमध्ये जाण्याला माझा विरोध नाही, उलट मी स्वतः रुग्णांना ट्रायलमध्ये पाठवतो. मात्र तुमच्या हातातल्या या ट्रायलवर काही प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. आणि नाही, चांगलं आयएमआरटी घेतलंत तर कुणावरही अन्याय होत नाही.

वेळेचं आधी बोलतो, कारण घरच्यांच्या चर्चेत नेमकी तीच निसटते. 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. डोकं-मान कर्करोगात मुख्य उपचार म्हणून दिलं जाणारं रेडिएशन चार आठवडे लांबलं, तर मृत्यूचा धोका सुमारे 9% नी वाढतो, असं त्यात निघालं. याचा अर्थ शंभरात नऊ जण जास्त दगावतात असा नव्हे. मुळात जो धोका असेल त्याच्या नऊ टक्के वाढ. पी-16 पॉझिटिव्ह रुग्णाचा मुळातला धोका कमी असतो, त्यामुळे ही वाढही आकड्यात लहानच राहते. पण प्रोटॉनचा जो फायदा मोजला गेलाय तोही काही डोंगराएवढा नाही. तराजूच्या एका पारड्यात तो टाकताना दुसऱ्या पारड्यात सहा आठवडे टाकायला विसरू नका. मी पाहिलेल्या एका रुग्णाची मानेतली गाठ अशाच वाट पाहण्यात दीडपट झाली. शेवटी प्रोटॉन मिळाले, पण आता दुसऱ्या बाजूची लाळग्रंथीही जास्त डोसाच्या पट्ट्यात आली होती. जे वाचवण्यासाठी थांबलो तेच थांबण्यानं गेलं.

आता प्रोटॉन म्हणजे नेमकं काय. नेहमीचं रेडिएशन, ज्याला अनेक घरांत अजून 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते क्ष-किरणांचं असतं. त्यांना आम्ही फोटॉन म्हणतो. ते एका बाजूनं शिरतात, गाठीतून जातात आणि पलीकडून बाहेर पडतात. आयएमआरटीत संगणक अनेक दिशांनी, कमी-जास्त तीव्रतेचे किरण असे जुळवतो की गाठीवर पूर्ण डोस जमतो. पण सगळ्या दिशांनी आलेल्या किरणांचा हलका सडा तोंडात, मेंदूच्या मागच्या भागात, मानेच्या स्नायूंत पडतोच. प्रोटॉन हा वजन असलेला, विद्युतभारित कण. तो शरीरात मंदावत जातो आणि ठरावीक खोलीवर थांबतो. थांबता थांबता आपली बहुतेक ऊर्जा तिथेच सोडतो. त्यापलीकडे जवळजवळ शून्य. ऊर्जेच्या या शेवटच्या उसळीला 'ब्रॅग पीक' म्हणतात. 1946 मध्ये रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञानं हा गुण उपचारासाठी वापरता येईल असं लिहिलं आणि 1954 मध्ये बर्कलीत पहिल्या रुग्णांवर तो वापरला गेला. म्हणजे तंत्र कालपरवाचं नाही. घशासारख्या वेड्यावाकड्या जागेत ते वापरण्याजोगं झालं ते मात्र पेन्सिलीच्या टोकासारख्या बारीक झोतानं थराथरानं डोस 'रंगवणं' जमू लागल्यावर.

ऐकायला हे इतकं नेटकं वाटतं की कुणीही म्हणेल, मग प्रश्नच काय उरला? घशात तीन-चार अडचणी आहेत.

प्रोटॉन पलीकडे जात नाहीत, पण अलीकडून तर येतातच. त्वचेला क्ष-किरण थोडं सांभाळून घेतात, प्रोटॉन तेवढं घेत नाहीत. मानेची कातडी भाजण्याचा त्रास कधी कधी थोडा जास्तच होतो. गाठीच्या जागेवरचं आणि तिच्या भोवतीचं अस्तर तर दोन्हींत सारखंच सोलवटतं, कारण तिथे पूर्ण डोस द्यायचाच असतो. "प्रोटॉनमध्ये त्रास होत नाही" असं कुणी सांगितलं असेल तर त्यानं सातव्या आठवड्यातला रुग्ण पाहिलेला नाही.

दुसरी अडचण खोलीची. कण नेमका कुठे थांबेल हे सीटी स्कॅनवरून काढलं जातं आणि त्यात साधारण तीन टक्क्यांची अनिश्चितता धरावी लागते. दहा सेंटिमीटर खोलीवर ती तीन-साडेतीन मिलिमीटर होते. दातांतल्या धातूमुळे स्कॅनवर चट्टे उमटले की हिशेब आणखी बिघडतो. त्यात सात आठवड्यांत रुग्णाचं वजन उतरतं, गाठ आटते, डोकं हलू नये म्हणून चढवलेला मास्क सैल होतो. क्ष-किरणांचा आराखडा असा बदल बऱ्यापैकी पचवतो. प्रोटॉनचा पचवत नाही: मानेवरचं मांस एक सेंटिमीटरनं कमी झालं तर कण तेवढाच पुढे, जिथे जायला नको तिथे, जाऊन थांबतो. म्हणून प्रोटॉनवर असलेल्या रुग्णाचं पडताळणीचं सीटी वारंवार व्हायला हवं आणि गरज पडली तर आराखडा नव्यानं करायला हवा. प्रोटॉन केंद्रात गेलात तर यंत्राची माहिती विचारण्याआधी हे विचारा: "उपचार चालू असताना सीटी किती वेळा करता? तुमच्या किती रुग्णांचा आराखडा मध्येच बदलावा लागतो?" 'सहसा लागत नाही' हे उत्तर मला अस्वस्थ करतं.

आणखी एक प्रश्न तिथेच विचारायचा: यंत्र बंद पडलं तर? रेडिएशनमध्ये खंड पडणं घशाच्या कर्करोगात फार महागात जातं. उपचार लांबलेल्या दर दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता एक-दीड टक्क्यानं घटते, असा आमच्या क्षेत्रातला जुना आणि अजून टिकून असलेला अंदाज आहे. काही प्रोटॉन केंद्रांत कण तयार करणारं यंत्र एकच असतं. ते बिघडलं की सगळ्या खोल्या थांबतात. शहाणी केंद्रं प्रत्येक रुग्णासाठी क्ष-किरणांचा एक राखीव आराखडा तयार ठेवतात.

आता पुरावा. तुमच्या वडिलांसारख्या, म्हणजे घशाच्या मधल्या भागाच्या कर्करोगासाठी, प्रोटॉन आणि आयएमआरटी यांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना आता हाती आहे. अमेरिकेत एम. डी. अँडरसन केंद्राच्या पुढाकारानं 21 केंद्रांत 440 रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष पहिल्यांदा 2024 मध्ये मांडले गेले. कर्करोग आटोक्यात ठेवण्यात दोन्ही उपचार बरोबरीचे ठरले. फरक पडला तो पोटात नळी घालून अन्न देण्याच्या गरजेत: आयएमआरटी गटात दर दहांत साधारण चौघांना, प्रोटॉन गटात तिघांहूनही थोड्या कमी जणांना. वजनही प्रोटॉन गटात कमी उतरलं. पुढे लॅन्सेटमध्ये सविस्तर निष्कर्ष आले तेव्हा पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाणही प्रोटॉन गटात जास्त दिसलं, सुमारे 91% विरुद्ध 81%.

हा शेवटचा आकडा वाचून तुम्ही तडक प्रोटॉन केंद्राचा रस्ता धराल, म्हणून जरा थांबवतो. ती चाचणी आखली होती कर्करोग पुन्हा न वाढता जाणारा काळ तपासायला, आणि त्यात दोन गट जवळजवळ सारखे होते. जगण्यातला फरक हा त्या मुख्य प्रश्नाबाहेर, जाता जाता सापडलेला आहे आणि आकडेशास्त्राच्या कसोटीला तो कसाबसा उतरतो. प्रोटॉनमध्ये रक्तातल्या प्रतिकारपेशी कमी मरतात, त्यामुळे असं होत असेल, हे स्पष्टीकरण मला पटण्यासारखं वाटतं. तरी दुसऱ्या चाचणीत तेच दिसेपर्यंत मी ते रुग्णाला वचन म्हणून सांगणार नाही.

दुसरी चाचणी ब्रिटनची, टॉर्पिडो नावाची, 205 रुग्णांची. तिचे निष्कर्ष 2025 मध्ये मांडले गेले. एका वर्षानंतर रुग्णांनी स्वतः सांगितलेला जीवनमानाचा दर्जा आणि नळीवर अवलंबून राहणं, या दोन्हींत प्रोटॉन आणि आयएमआरटी यांत लक्षणीय फरक निघाला नाही. दोन्ही गटांचं बरं चाललं होतं. वर्षभरानंतर नळी लागणारे दोन्हीकडे अगदी थोडे होते.

मग खरं कोण? माझ्या मते दोघंही. अमेरिकेतल्या चाचणीतला नळीचा फरक उपचार संपण्याच्या सुमाराचा, म्हणजे सगळ्यात वाईट काळातला. ब्रिटनच्या चाचणीनं वर्षानंतर विचारलं, तेव्हा बहुतेकांचं गिळणं सावरलेलं होतं. शिवाय तिथल्या आयएमआरटीच्या आराखड्यांवर कडक देखरेख होती. चांगल्या हातांनी केलेल्या आयएमआरटीशी तुलना केली की प्रोटॉनची आघाडी आखूड होते, एवढं मी त्यातून घेतो. दात, जबडा, मानेचं आखडणं, ऐकू येणं हे परिणाम दहा-पंधरा वर्षांपर्यंत उमटत राहतात. तोवरचा हिशेब या दोन्ही चाचण्यांत यायचा आहे.

आयएमआरटीला लोक 'साधं' म्हणतात ते मला खटकतं. 2011 मध्ये पारस्पोर्ट ही ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीच्या रेडिएशननंतर वर्षभरानं 74% रुग्णांना तोंड कोरडं पडण्याचा बऱ्यापैकी त्रास होता, आयएमआरटीनंतर 38% ना. यंत्र बदललं त्यापेक्षा आखणी बदलली. नंतर 2023 मध्ये डार्स या 112 रुग्णांच्या चाचणीत गिळण्याचे स्नायू मुद्दाम वाचवणारा आराखडा त्याच यंत्रावर केला, आणि रुग्णांचं गिळणं सुधारलं. तुमच्या सध्याच्या डॉक्टरांना विचारा, गिळण्याच्या स्नायूंसाठी वेगळी मर्यादा धरून आराखडा करणार आहात का. हा प्रश्न कानावर आला की चांगला रेडिएशन डॉक्टर खुर्ची पुढे सरकवून बसतो.

आखणीचं महत्त्व किती, तर एक उदाहरण मी शिकाऊ डॉक्टरांना दर वर्षी सांगतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेलं ट्रॉग 02.02 या आठशेहून जास्त रुग्णांच्या चाचणीचं विश्लेषण. औषधाची चाचणी होती, औषध फसलं. पण सगळे रेडिएशनचे आराखडे मागाहून तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा ज्यांच्या आराखड्यात मोठे दोष होते त्यांच्यापैकी दोन वर्षांनी निम्मेच हयात होते, ज्यांचा आराखडा नीट होता त्यांच्यापैकी 70%. आणि असे दोष, मोजके रुग्ण पाठवणाऱ्या केंद्रांत जवळपास 30% तर वीस किंवा जास्त रुग्ण पाठवणाऱ्या केंद्रांत 5% च्या आसपास. हयात असलेल्यांत वीस टक्क्यांचा फरक! कुठल्याही नव्या औषधानं वा यंत्रानं तुमच्या वडिलांच्या आजारात एवढी उडी मारलेली नाही. स्कॅनवर थरागणिक गाठीची रेष कोण काढतं, ती दुसरा कुणी तपासतो का, त्या डॉक्टरांकडे वर्षाला घशाचे किती रुग्ण येतात, हे विचारणं उद्धटपणाचं नाही.

प्रोटॉन कुणाला द्यायचे यासाठी नेदरलँड्सनं काढलेली वाट मला सगळ्यात समंजस वाटते. तिथे प्रत्येक रुग्णाचे दोन आराखडे करतात, एक क्ष-किरणांचा, एक प्रोटॉनचा. मग गणिती नमुन्यानं काढतात की या माणसाला तोंड कोरडं पडण्याची आणि गिळण्याच्या त्रासाची शक्यता दोन्हींत किती. मध्यम त्रासाची शक्यता प्रोटॉननं किमान 10 टक्क्यांनी, किंवा गंभीर त्रासाची किमान 5 टक्क्यांनी कमी होत असेल, तर प्रोटॉन. नाही तर आयएमआरटी. म्हणजे निकष रोगाच्या नावाचा नाही, त्या एका माणसाच्या मानेचा. तुम्हीही हेच मागू शकता. दोन्ही ठिकाणी म्हणा, "तुलनेचा आराखडा दाखवा." कागदावर तीन आकडे पाहा: विरुद्ध बाजूच्या कानाजवळच्या लाळग्रंथीला सरासरी डोस किती (25-26 ग्रेच्या आत असावा असा आमचा प्रयत्न असतो; ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप), घशाच्या गिळण्याच्या स्नायूंना किती, आणि तोंडाच्या पुढच्या पोकळीला किती. बहुतेक वेळा प्रोटॉनचा खरा नफा या तिसऱ्या आकड्यात दिसतो. चव आणि मळमळ यांचा संबंध तिथे आणि मेंदूच्या मागच्या भागात पडणाऱ्या सड्याशी आहे. दोन आराखड्यांत दोन-तीन ग्रेचाच फरक असेल तर त्यासाठी गाव बदलून सात आठवडे परक्या ठिकाणी राहणं, घरच्यांची पांगापांग, हे मी तरी सुचवणार नाही.

काही रुग्णांच्या बाबतीत मी एवढा काथ्याकूट करत नाही, सरळ प्रोटॉनकडे पाठवतो. नाकाच्या पोकळीचे आणि सायनसचे कर्करोग, कवटीच्या तळाचे कॉर्डोमा (हाडातल्या दुर्मिळ गाठी), डोळ्याच्या नसेला किंवा मेंदूच्या देठाला खेटून असलेल्या गाठी, लहान मुलं, आणि आधी रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा द्यावं लागणारे. एकाच बाजूला द्यायचं असलेल्या लाळग्रंथीच्या कर्करोगांतही फरक ठळक असतो.

यावरून एक मुद्दा, जो तुमच्या पत्रात कुणीच काढलेला दिसत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना रेडिएशन लागणार आहे की एकाच? टॉन्सिलची गाठ लहान, एका बाजूलाच आणि मध्यरेषेपासून दूर असेल, मानेत फारसं काही नसेल, तर निम्मी मान पूर्ण सोडता येते. तसं झालं तर विरुद्ध बाजूच्या ग्रंथी कुठल्याही यंत्रावर वाचतात. तुमच्या वडिलांची गाठ टाळूला लागलेली आहे, मानेतल्या गाठीही दोन आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू द्याव्या लागतील असाच माझा अंदाज. पण टाळूत ती किती शिरलीय यावर ते ठरतं. ट्युमर बोर्डासमोर, म्हणजे सगळे तज्ज्ञ एकत्र बसतात त्या बैठकीत, हा प्रश्न येऊ द्या. तोंडातून रोबोटनं शस्त्रक्रियेचा पर्याय का नको, हेही तिथेच विचारून घ्या. उत्तर बहुधा 'नंतर रेडिएशन आणि केमो लागणारच, मग तिन्ही कशाला' असं येईल, आणि ते बरोबर असेल.

आता ट्रायल. घरातलं कुणीतरी म्हणालंच असेल, "प्रयोगाचा उंदीर करायचाय का त्यांना?" कर्करोगावरच्या उपचाराची चाचणी तिसऱ्या टप्प्यात (फेज थ्री) असते तेव्हा एका गटाला आज उपलब्ध असलेला प्रमाण उपचार मिळतो, दुसऱ्याला नवा. नुसत्या साखरेच्या गोळीवर कुणाला सोडत नाहीत. कुठला गट ते संगणक ठरवतो, डॉक्टर नाही. एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे पाहते आणि एखादा गट मागे पडतोय असं दिसलं तर चाचणी थांबवू शकते. रुग्ण कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो आणि त्याचा नेहमीचा उपचार अडत नाही. आज आपण ज्याला प्रमाण उपचार म्हणतो ते सगळं कुणीतरी असं नाव नोंदवलं म्हणूनच ठरलं. तोंडाच्या लवकरच्या कर्करोगात मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर, हा वाद कित्येक दशकं चालला होता. 2015 मध्ये टाटा मेमोरियलच्या चाचणीनं तो मिटवला: तीन वर्षांनी हयात असलेले, आधी काढलेल्यांत 80%, थांबलेल्यांत 67.5%.

पण ट्रायल म्हणजे हमखास चांगलं औषध लवकर मिळणं, हा समजही तितकाच चुकीचा. झेव्हिनापँट नावाच्या गोळीची गोष्ट अजून ताजी आहे. रेडिएशन आणि सिसप्लॅटिनसोबत ती दिली तर 96 रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत पाच वर्षांनी 53% हयात, न दिलेल्यांत 28%. आम्ही सगळे हरखलो होतो. मग सातशेहून जास्त रुग्णांची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली आणि 2024 मध्ये फायदा नाही म्हणून ती थांबवावी लागली. लहान चाचणीतला मोठा आकडा मी त्यानंतर जास्तच जपून वाचतो.

तुमच्या हातातली चाचणी डोस कमी करण्याची आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलतो. पी-16 पॉझिटिव्ह कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, उपचारांना छान दाद देतो, रुग्ण पुढे अनेक वर्षं जगतात. मग त्यांना एवढा जबर उपचार कशाला, थोडा हलका केला तर? कल्पना इतकी तर्कशुद्ध की तिच्या प्रेमात न पडणं अवघड. आधी सिसप्लॅटिनऐवजी सौम्य वाटणारं सेटुक्सिमॅब देऊन पाहिलं. 2018 च्या अखेरीस दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदम आले आणि दोन्हींत ते कमी पडलं. त्यातल्या युरोपातल्या चाचणीत दोन वर्षांनी सिसप्लॅटिन गटात 97.5% हयात, सेटुक्सिमॅब गटात 89.4%. दुष्परिणामही काही कमी नव्हते.

मग डोस कमी करण्याची पाळी. एनआरजी-एचएन 005 या चाचणीत तीन गट होते: 70 ग्रे आणि सिसप्लॅटिन, 60 ग्रे आणि सिसप्लॅटिन, 60 ग्रे आणि निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी. तीही निवडक, फारसं धूम्रपान न केलेल्या रुग्णांत. दोन वर्षांनी कर्करोग न वाढता असलेले: पहिल्या गटात 98%, दुसऱ्यात 89%, तिसऱ्यात 90%. चाचणी तिथेच थांबली. 70 ग्रे आणि सिसप्लॅटिनचा परिणाम सगळ्यांच्या अंदाजापेक्षा चांगला निघाला. आम्ही जे हलकं करायला निघालो होतो तेच इतकं चांगलं होतं.

म्हणून तुमच्या माहितीपत्रकातल्या चाचणीत हीच कल्पना असेल तर पहिला प्रश्न हा: एचएन 005 चे निष्कर्ष आल्यानंतर चाचणीच्या आखणीत काय बदललंत? रुग्ण कसे निवडता? फक्त पी-16 पाहता की एचपीव्हीचीही थेट तपासणी करता? कारण सुमारे 9% रुग्णांत या दोन तपासण्यांचा कौल वेगळा येतो, आणि पी-16 पॉझिटिव्ह पण एचपीव्ही नसलेल्या रुग्णाचं भवितव्य तेवढं चांगलं नसतं. अशा माणसाचा डोस कमी करणं घातक. ही तपासणी तुम्ही ट्रायलमध्ये गेलात किंवा न गेलात तरी करून घ्यावी असं मी म्हणेन; बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, रुग्णालयात असतोच.

बाकीचे प्रश्न कुठल्याही चाचणीला लागू. कोणता टप्पा? नव्या गटात नाव आलं नाही तर नेमका कोणता उपचार मिळेल, आणि तो तुम्हाला बाहेर मिळाला असता तोच आहे का? औषध कंपनी देईल, पण जास्तीचे स्कॅन आणि दुष्परिणामांवरच्या उपचाराचा खर्च कुणाचा? अमेरिकेतल्या प्रोटॉन चाचणीत काहींचं नाव प्रोटॉन गटात येऊनही विमा कंपनीनं नकार दिला. कागदावरचा गट आणि हातात पडलेला उपचार वेगळे झाले. नाव नोंदवल्यापासून उपचार सुरू व्हायला किती दिवस? ट्रायलच्या तपासण्यांसाठी तीन आठवडे जाणार असतील तर वर लिहिलेलं वेळेचं गणित इथेही लावा. संमतिपत्र घरी आणून दोन दिवस वाचायला मागा, तो तुमचा हक्क आहे. चाचणी सरकारी नोंदवहीत आहे का तेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर देशोदेशीच्या नोंदी एकत्र शोधता येतात. जिची नोंदच नाही आणि जिच्यात भाग घेण्याचे पैसे मागतात, तिथून उठून या.

आणि इम्युनोथेरपी या शब्दानं भारावून जाऊ नका. तेच औषध कुठल्या क्रमानं दिलं यावर सगळं ठरतंय. केमो-रेडिएशनच्या जोडीनं अशी औषधं देणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या, जॅव्हलिन आणि कीनोट-412, फसल्या. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी देणारी कीनोट-689 मात्र यशस्वी झाली, 2025 मध्ये प्रसिद्ध झाली आणि शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांसाठी उपचाराची पद्धतच तिनं बदलली. तुमच्या वडिलांची शस्त्रक्रिया ठरलेली नाही, त्यामुळे ती त्यांना आज लागू नाही. कुणी तिचा हवाला देऊन रेडिएशनसोबत इम्युनोथेरपी सुचवली तर हा फरक दाखवून द्या.

सिसप्लॅटिनबद्दल एवढंच की ऐकण्याची चाचणी आणि किडनीचा रक्ततपास आधी झालेला असावा. ऐकू आधीच कमी येत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. गिळण्याचे व्यायाम पहिल्या शेकाच्या आधी शिकून घ्या. तोंड सोलवटल्यावर शिकवायला गेलो की कुणी करत नाही.

या आठवड्यात करायचं काम म्हणाल तर माझ्या यादीत प्रोटॉनही नाही आणि ट्रायलही नाही. दंतवैद्याला दाखवलंय का? खालच्या जबड्यातले, डोसाच्या पट्ट्यात येणारे, न वाचणारे दात आधी काढावे लागतात. जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. रेडिएशननंतर तोच दात काढला तर जबड्याचं हाड कुजण्याची भीती असते, आणि ते वर्षानुवर्षं छळतं. मास्क आणि प्लॅनिंगचा सीटी दातांचं काम झाल्यावर करतात, यंत्र कुठलंही असो. पंधरवड्यात सुरू करू असं तुमच्या रुग्णालयानं म्हटलंय, म्हणजे दात काढायचे असतील तर हातात फार दिवस नाहीत. उद्याच वेळ घ्या, आणि दोन्ही आराखड्यांचे कागद मागण्याचे फोन दंतवैद्याच्या बाहेर बसल्या बसल्या करा.